सुरतेचे कागद आणि संशोधकाची वाट

सुरतेच्या कतारगाम दरवाजाकडे गेले की इंग्रजांची आणि डचांची जुनी दफनस्थाने लागतात. इंग्रजांच्या आवारात ऑक्झेंडेन बंधूंचे घुमटाकार स्मारक आहे. ख्रिस्तोफर ऑक्झेंडेन १६५९ साली निवर्तला आणि जॉर्ज १६६९ साली. हा जॉर्ज म्हणजे १६६४ च्या जानेवारीत श्रीशिवछत्रपती सुरतेवर चालून आले तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला गृहस्थ होय. जवळच डचांच्या आवारात हेंड्रिक व्हान रीड याचे थडगे आहे. कोचीनहून सुरतेकडे येत असताना १६९१ च्या डिसेंबरात तो जहाजावरच वारला आणि सुरतेत त्याचे दफन झाले. हे नाव आपल्या वाचकांना अपरिचित वाटू नये. 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ त्यानेच सिद्ध करविला. त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांचे नागरी लिपीतील कोंकणी निवेदन छापलेले आहे. कोंकणी भाषेच्या मुद्रणाचा इतिहास सांगताना ज्याचा उल्लेख टाळता येत नाही, तो पुरुष तापीच्या काठी चिरनिद्रा घेत आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

ही थडगी कोणालाही पाहता येतात. पण ऑक्झेंडेनने सुरतेहून लिहिलेली पत्रे, डच वखारीच्या रोजनिश्या आणि शहराच्या काजीपुढे झालेली खतपत्रे पाहू म्हणणाऱ्याला सुरतेत राहून चालत नाही. त्याला मुंबईस जावे लागते, लंडनला जावे लागते, हेगला आणि पॅरिसला जावे लागते. दगड जागच्या जागी राहिले, कागद मात्र देशोधडीला लागले. ते कोणाकोणाच्या कुलपात आहेत, ती कुलुपे कोणासाठी आणि कोणत्या अटींवर उघडतात, आणि उघडत नाहीत तेव्हा इतिहासाचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सुरतेच्या निमित्ताने तो मांडीत असलो, तरी पुणे आणि पणजी त्यातून सुटणार नाहीत.

प्रथम कागद परागंदा कसे झाले ते पाहू. इंग्रजांनी १६१३ च्या सुमारास सुरतेत वखार घातली आणि १६८७ साली आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील कारभाराचे मुख्य ठाणे मुंबईस नेले. ठाणे हलले की दप्तर हलते. सुरत वखारीच्या रोजनिश्या आणि पत्रांच्या वह्या आज मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. वखारीतून विलायतेस गेलेली पत्रे आणि नकला पूर्वीच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातून आता लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आल्या आहेत. डच कंपनीच्या सुरतेतील कारभाऱ्यांनी बटाव्हियास आणि हॉलंडास जे जे लिहिले ते हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील सुरतेच्या फारसी दस्तऐवजांचा एक मोलाचा संग्रह तर पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन पडला आहे. शहरात जे उरले त्यावर निसर्गाचा आणि अग्नीचा कोप झाला. १८३७ च्या एप्रिलात लागलेल्या आगीत सुरतेचा मोठा भाग जळाला आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. त्या आगीत सावकारांच्या पेढ्यांवरील किती चोपड्या गेल्या असतील याचा अदमास आज कोण करणार? नर्मदाशंकरांनी, म्हणजे कवी नर्मदांनी, आपल्या शहराचा संक्षिप्त वृत्तांत लिहिला तो त्यानंतर सुमारे तीन दशकांनी. अशा शहराचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे, त्याला परक्यांच्या दप्तरावाचून गत्यंतर नाही.

आता १६६४ चाच प्रसंग घ्या. मराठी वाचकाला सुरतेचे नाव मुख्यतः त्या प्रसंगामुळे आणि १६७० च्या दुसऱ्या स्वारीमुळे माहीत असते. शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. त्याने बोलणी करण्याच्या मिषाने पाठविलेल्या माणसाने महाराजांवर हत्यार उगारले. वीरजी व्होरा आणि हाजी जाहिद बेग या धनिकांची घरे लुटली गेली. इंग्रजांनी आपली वखार शस्त्रे घेऊन राखली. हे तपशील आपण कोठून घेतले? अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज मराठ्यांच्या हाती सापडला होता, त्याने सुटून आल्यावर जे सांगितले त्यावरून घेतले. वखारीचा धर्मोपदेशक एस्कॅलियट याने नॉर्विचला धाडलेल्या पत्रावरून घेतले. ऑक्झेंडेन आणि त्याचे सहकारी यांनी कंपनीस केलेल्या निवेदनावरून घेतले. डचांच्या लेखांवरून घेतले. फ्रेंच प्रवासी बर्निये याच्या ग्रंथावरून घेतले. आपल्या बाजूने सभासदाची बखर आहे खरी, पण ती तीस वर्षांनंतरची आणि या प्रसंगापुरती अगदी आटोपशीर आहे.

म्हणजे साक्षीदार पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील प्रत्येकाला स्वतःचे काही सांगावयाचे आहे. इंग्रजांना आपले शौर्य सांगावयाचे आहे. त्या शौर्याबद्दल बादशहाने जकातीत सवलत दिली आणि कंपनीने ऑक्झेंडेनला सुवर्णपदक दिले, हे विसरता येत नाही. बर्नियेला कॅपुचिन पाद्र्यांचा मठ वाचल्याचे सांगावयाचे आहे. त्याच्याच लिहिण्याप्रमाणे डचांच्या एका मृत दलालाचे घर, तो दानशूर म्हणून ख्यात होता यास्तव, मराठ्यांनी सोडून दिले. ही गोष्ट खरी असेल तर लुटीमागे केवळ झुंडीचा स्वैरपणा नसून चौकशी होती, माहिती होती, विवेक होता, असे अनुमान निघते. नसेल तर ती पाद्र्याच्या तोंडची सुरस कथा ठरते. याचा निर्णय भावनेने होणार नाही आणि अभिनिवेशानेही होणार नाही. तो होईल कागदाला कागद भिडवून. त्यासाठी सगळे कागद पाहावयास मिळाले पाहिजेत, कोणी निवडून दिलेले तेवढेच नव्हेत.

येथे मूळ प्रश्नाला हात घातला पाहिजे. आपल्याकडे दप्तर खुले करणे आणि दप्तरातील निवडक वेचे प्रसिद्ध करणे या दोन गोष्टींची गल्लत फार दिवस होत आली आहे. सुरतेपुरते बोलावयाचे तर सर विल्यम फॉस्टर यांच्या 'द इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया' या मालेला मानाचा मुजरा केला पाहिजे. १९०६ ते १९२७ या काळात निघालेल्या तिच्या तेरा खंडांत १६१८ ते १६६९ पर्यंतचा वृत्तांत आला. पुढील काही वर्षांचे काम चार्ल्स फॉसेट यांनी केले. फॉस्टर यांची अचूकता, त्यांच्या टीपा आणि त्यांच्या सूची यांचे ऋण पश्चिम हिंदुस्थानच्या प्रत्येक अभ्यासकावर आहे. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' हा संग्रह काढला, त्यानेही मराठी अभ्यासकाला विलायतेच्या वाटखर्चातून पुष्कळ अंशी सोडविले. हे सर्व कृतज्ञतेने मान्य करूनच पुढचे बोलतो.

फॉस्टर यांनी मूळ पत्रे साकल्याने छापली नाहीत. त्यांनी सारांश दिले, आणि पुढच्या खंडांत सारांशही सोडून निवेदनाची पद्धत स्वीकारली. म्हणजे पत्रातील मजकूर संपादकाच्या कथनात विरघळला. कथन कोणाचे? इंग्रज कंपनीचे. तिच्या दृष्टीने जे महत्त्वाचे ते राहिले. सुरतेचा दलाल, सराफ, विणकर, तांडेल जेथे कंपनीच्या वाटेत आला तेथेच दिसला, आणि वाट संपताच दिसेनासा झाला. यात फॉस्टर यांचा अप्रामाणिकपणा मुळीच नाही. त्यांच्या ग्रंथाचे नावच इंग्रजांच्या वखारी असे आहे. पण सुरतेच्या विणकरावर लिहू इच्छिणाऱ्याने त्या खंडांवर विसंबणे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाच्या याद्यांवरून आपल्या नातलगांची गणती करण्यासारखे आहे. पुण्याच्या संग्रहालाही हाच न्याय लावला पाहिजे. त्याच्या संपादकांचे लक्ष महाराजांवर होते आणि ते योग्यच होते. परंतु ज्या पत्रात महाराजांचे नाव नाही ते पत्र त्यांच्या जाळ्यात सापडणार नव्हते. स्वारीच्या आधी आणि नंतर शहरात हुंडीचा भाव काय होता, किती घराणी गाव सोडून गेली, कापडाची मागणी कशी फिरली, हे सांगणारा कागद या दोन्ही निवडींच्या बाहेर राहू शकतो.

दप्तर सबंध वाचल्याने काय होते याचा दाखला सुरतेनेच दिला आहे. अशीन दासगुप्त यांचा सुरतेच्या व्यापाऱ्यांवरील आणि त्या बंदराच्या उतरत्या काळावरील ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला. १७०० ते १७५० हा त्याचा काळ. दासगुप्त यांनी डच कंपनीचे कागद ओळीने वाचले. डच कारकून आपल्या मालकांसाठी लिहीत होता हे खरे, पण बंदरात कोणाचे जहाज आले आणि कोणाचे गेले हेही तो टिपून ठेवीत होता. या नोंदींतून मुल्ला अब्दुल गफूर आणि त्याच्यासारखे जहाजमालक नावागावासह उभे राहिले. सुरत युरोपीय कंपन्यांनी बुडविली, हे जे सोपे उत्तर रूढ होते, त्याच्या जागी वेगळे चित्र आले. मोगल, इराणी आणि तुर्की या तिन्ही सत्तांची व्यवस्था एकाच सुमारास ढासळली आणि तिच्यावर विसंबून असलेला सागरी व्यापार तिच्याबरोबर ढासळला, असे दासगुप्त यांनी दाखविले. हे मत कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. परंतु त्याला उत्तर द्यावयाचे तरी त्याच कागदांपर्यंत जावे लागते. पॅरिसच्या फारसी संग्रहाचेही तसेच. फरहत हसन यांनी खंबायत आणि सुरत या दोन शहरांवरील आपल्या २००४ च्या ग्रंथात त्याचा उपयोग केला, तेव्हा मोगल अंमलातील काजी, व्यापारी आणि सामान्य गृहस्थ यांचा परस्परव्यवहार दिसू लागला. वखारीच्या इंग्रजी पत्रांत तो कधीच दिसला नसता. दोन्ही उदाहरणांत नवा कागद कोणी जमिनीतून उकरून काढला नाही. कागद होतेच. ते वाचण्याची मुभा, सवड आणि भाषा ज्याच्याजवळ होती त्याने ते वाचले, इतकेच.

हीच कथा पुण्यात अधिक तीव्रतेने घडली आहे. पेशवे दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात गेल्यावर त्याचा उपयोग मुख्यतः इनामे आणि वतने यांच्या चौकशीसाठी होत असे. इतिहासाचा अभ्यासक त्या दप्तरात नको असलेला पाहुणा होता. गणेश चिमणाजी वाड यांनी केलेले वेचे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले आणि त्यांवर न्यायमूर्ती रानड्यांनी विवेचन केले. परंतु दार किलकिले झाले तेवढेच. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढले, ते खाजगी घराण्यांच्या माळ्यांवरून आणि पेटाऱ्यांतून मिळालेल्या कागदांच्या बळावर. तेथेही अडचण होतीच. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनचे हात बळकट झाल्यापासून, जुना कागद परक्याला दाखविला की इनाम जाते, अशी धास्ती घराघरांतून बसली होती. राजवाड्यांना दारातून परतविणाऱ्या गृहस्थांना हसणे सोपे आहे, परंतु त्यांच्या भीतीला सरकारी अनुभवाचा आधार होता. कागदाच्या मालकाचा संशय बहुधा कोणीतरी पूर्वी केलेल्या दुरुपयोगातून जन्मलेला असतो, ही गोष्ट संशोधकाने नेहमी ध्यानी ठेवावी.

पुढे १९३० ते १९३४ या अवधीत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. बडोद्याच्या महाराजांच्या सेवेत हयात घालविलेल्या या वृद्ध इतिहासकाराने ते काम ज्या झपाट्याने उरकले ते पाहून आजही थक्क व्हावे. परंतु पंचेचाळीस खंड झाले म्हणजे दप्तर वाचून झाले, अशी जी समजूत पसरली ती घातक ठरली. राजकारणाचे आणि स्वाऱ्यांचे कागद वर आले. गावोगावचे हिशेब, जकातीचे झाडे, न्यायनिवाड्यांचे कागद हजारो रुमालांत बांधलेले राहिले. निवड जितकी भव्य तितकी ती संपूर्णाचा भास अधिक निर्माण करते. हा दोष निवड करणाराचा नव्हे. तो आपला, म्हणजे निवडीवर समाधान मानणाऱ्यांचा आहे.

याला उतारा कोणता, हे गोमंतकाने दाखविले आहे. गोव्यातील पोर्तुगीज दप्तराची स्थापना १५९५ साली झाली आणि दियोगु द कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक होता. विसाव्या शतकात त्या दप्तराची सूत्रे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांच्या हाती आली. पिसुर्लेकरांनी निवडक कागद छापले नाहीत असे नाही. राज्यमंडळाच्या ठरावांचे त्यांचे पाच खंड प्रसिद्धच आहेत. परंतु १९५५ साली त्यांनी पोर्तुगीज हिंदुस्थानातील दप्तरांचा जो मार्गदर्शक ग्रंथ छापला, तो माझ्या मते अधिक मोलाचा आहे. अमुक विषयाच्या इतक्या वह्या, त्या अमुक वर्षापासून तमुक वर्षापर्यंतच्या, असे ज्याने लिहून छापले त्याने आपल्या हातची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली. निवडीचा संपादक म्हणतो, मला जे महत्त्वाचे वाटले ते पाहा. सूचीचा कर्ता म्हणतो, येथे काय आहे ते हे, तुम्हाला काय महत्त्वाचे ते तुम्ही ठरवा. मराठ्यांच्या आणि पोर्तुगीजांच्या संबंधांवर आज जो कोणी लिहितो तो पिसुर्लेकरांशी मतभेद करू शकतो. त्याचे साधन खुद्द पिसुर्लेकरांनीच त्याला पुरविले आहे. दप्तराच्या रक्षकाची याहून मोठी थोरवी मला सांगता येणार नाही.

सूचीचा अभाव म्हणजे काय, याचा अनुभव मला गुजरातेतील एका लहान संस्थेत आला. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे अनुभव कोठेही येतात. तेथील सेवकवर्ग अत्यंत सौजन्याचा. चहा झाला, संस्थेच्या स्थापनेचा इतिहास ऐकून झाला. मी एका जुन्या नोंदवहीविषयी विचारले. ती आहे की नाही हे कोणी सांगू शकेना. वरून पत्र आणा, म्हणाले. पत्र आणले. मग अध्यक्ष परगावी होते. तिसऱ्या खेपेस कपाट उघडले, तेव्हा वहीच्या जागी दुसरीच वही निघाली आणि सगळ्यांनाच वाईट वाटले. यात कोणाचाही द्वेष नव्हता, अडवणूक करण्याचा हेतू नव्हता. कपाटात काय आहे हेच ठाऊक नसल्यामुळे नाही म्हणणे हे सर्वांत सुरक्षित उत्तर होते. आपल्याकडील बहुतेक नकार असेच असतात. ते दुष्टपणाचे नसतात, अज्ञानाचे असतात. म्हणूनच ते दूर करणे शक्य आहे.

रक्षकाची बाजू मात्र मांडलीच पाहिजे. कागद ठिसूळ असतो आणि माणूस नेहमीच सज्जन नसतो. सुरतेच्याच इतिहासातील एक प्रकरण पाहा. आंकेतील द्युपेरों हा फ्रेंच तरुण १७५८ ते १७६१ पर्यंत सुरतेत राहिला आणि दस्तूर दाराब यांच्यापाशी त्याने पारशांच्या धर्मग्रंथांचे अध्ययन केले. पारशी समाजात त्या वेळी दोन तट होते. एका तटाकडून मिळालेली प्रत दुसऱ्या तटाकडून मिळविलेल्या प्रतीशी ताडून पाहावी, ही सावधगिरी त्याने बाळगली. पॅरिसला परतल्यावर त्याने सुमारे एकशे ऐंशी हस्तलिखिते राजाच्या ग्रंथालयात जमा केली आणि १७७१ साली 'झेंद-अवेस्ता'चे भाषांतर छापले. युरोपातील इराणी विद्येचा पाया त्याने घातला हे निर्विवाद. पण ज्या गावाने विद्या दिली त्या गावच्या अभ्यासकाला त्या संग्रहासाठी पुढे पॅरिसकडे डोळे लावावे लागले, हेही तितकेच खरे. अशा आठवणी असलेल्या समाजाने आपले ग्रंथ जपून ठेवले तर त्याला संकुचित म्हणता येणार नाही. सुरतेपासून जवळच नवसारीला १८७२ पासून मेहेरजीराणा ग्रंथालय उभे आहे. आपले धन आपल्याच ठिकाणी राखून ते अभ्यासकाला दाखविता येते, याचा तो नमुना होय.

सुरतेच्या गोपीपुऱ्यातील जैन ग्रंथभांडारांबाबतही हेच म्हणता येईल. जैन संघांनी शतकानुशतके पोथ्या जपल्या त्या कडेकोट बंदोबस्तातच. तसे नसते तर त्या आज दिसल्या नसत्या. परंतु पाटण आणि जैसलमेर येथील भांडारांत मुनी पुण्यविजयजी यांनी जे केले त्याने राखण आणि प्रवेश यांतील विरोध मिटविला. त्यांनी पोथ्या झटकल्या, विस्कटलेली पाने जुळविली, वेष्टने बदलली, याद्या केल्या आणि मग अभ्यासकाला बोलावले. जतन आधी आणि प्रवेश मागाहून, परंतु जतन हे प्रवेशासाठीच, असा तो क्रम होता. आपल्या संस्था यातला पहिला भाग घेऊन थांबतात. अर्थात, भय केवळ कल्पित नाही. २००४ च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि ग्रंथांची नासधूस झाली. एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाविषयीचा रोष पोथ्यांच्या कपाटांवर निघाला. २००६ च्या ऑगस्टात तापीच्या पुराने सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली घातला. जमावाचे आणि पाण्याचे भय बाळगणाऱ्या ग्रंथपालाला आपण दोष देऊ नये. पण कुलपाने जमाव थांबत नाही आणि पूरही थांबत नाही. ज्या कागदाची प्रत अन्यत्र आहे तोच अशा संकटातून खऱ्या अर्थाने वाचतो.

हल्ली प्रती करण्याचे साधन पूर्वी कधी नव्हते इतके सुलभ झाले आहे. डच कंपनीच्या दप्तराला २००३ साली युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत स्थान दिले. त्यातील लक्षावधी पानांची छायाचित्रे आता घरबसल्या पाहता येतात, एवढेच नव्हे तर जुने हस्ताक्षर यंत्राकडून वाचवून घेऊन त्यात शब्दही शोधता येतात. सुरतेतील एखाद्या महाविद्यालयाचा विद्यार्थी आपल्या शहराविषयी डचांनी काय लिहिले ते आपल्या खोलीत बसून धुंडाळू शकतो. ही क्रांती आहे. पण तिने भुलून जाऊ नये. एक तर ते कागद जुन्या डच भाषेत आहेत, आणि भाषा हेही एक कुलूपच आहे. मोडी, फारसी, पोर्तुगीज आणि डच शिकविण्याची सोय नसेल तर खुले दप्तरही बंदच राहते. दुसरे असे की, दूरच्या भांडारावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश ग्रंथालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तेथील सूची व छायाप्रती कित्येक महिने जगभरच्या अभ्यासकांना दुरावल्या. आपल्या शहराची आठवण परक्याच्या यंत्रात ठेवून निर्धास्त राहणे शहाणपणाचे नव्हे.

कायद्याकडे वळलो तर तेथेही समाधान अर्धेच आहे. १९९३ च्या केंद्रीय अभिलेख कायद्याने तीस वर्षांहून जुने, गोपनीय न ठरविलेले आणि राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आलेले कागद 'खऱ्या' संशोधकास पाहू देण्याची तरतूद केली. हा 'खरा' शब्द मला खटकतो. खरा कोण हे कोणी ठरवावयाचे? व्यवहारात त्याचा अर्थ विद्यापीठाचे किंवा अधिकाऱ्याचे पत्र असलेला, असा होऊन बसतो. राजवाडे कोणत्याही विद्यापीठाचे अध्यापक नव्हते. ते आज एखाद्या दप्तराच्या दाराशी उभे राहिले तर त्यांना कोणाचे पत्र मागावे? आपल्या घराण्याचा मूळ व्यवसाय शोधणारा सुरतेचा विणकर, आपल्या गावच्या देवळाचा कागद पाहू इच्छिणारा फोंड्याचा गृहस्थ किंवा शाळेतला एखादा मास्तर हाही खराच संशोधक आहे. त्याची ओळख पटवावी, त्याने कागद कसा हाताळावा हे शिकवावे, त्याच्यावर देखरेख ठेवावी. परंतु त्याला प्रथम त्याची लायकी सिद्ध करावयास सांगू नये. कागद वाचण्याची लायकी बहुधा कागद वाचूनच येते.

मग मागावयाचे काय? मोठमोठ्या इमारती मागण्याचे कारण नाही. प्रत्येक संग्रहालयाने आणि ग्रंथालयाने आपल्याजवळ काय आहे याची साधी यादी छापावी, अपुरी असली तरी छापावी. कोण, केव्हा, कोणत्या अटीवर पाहू शकेल याचा नियम भिंतीवर लावावा. नकार द्यावयाचा तर त्याचे कारण लिहून द्यावे, कारण लिहावयास लागले की बरेच नकार आपोआप गळून पडतात. जीर्ण कागदाची प्रत करावी आणि मूळ कागद विश्रांतीस ठेवून प्रत दाखवावी. १८५० साली सुरतेत अँड्र्यूज ग्रंथालय निघाले, आणि १८३२ साली पणजीत सार्वजनिक ग्रंथालय निघाले. त्या काळी पुस्तक सर्वांच्या हाती देणे हीच धाडसाची गोष्ट होती. ते धाडस आपल्या पूर्वजांच्या शहरांनी केले. कागदाबाबत तेवढेच धाडस आपण अद्याप केलेले नाही.

प्रश्न केवळ विद्वानांच्या सोयीचा आहे असे कोणी समजू नये. १६६४ च्या जानेवारीत सुरतेत काय झाले याविषयी मराठी माणूस एक सांगतो, गुजराती माणूस दुसरे सांगतो, आणि दोघेही ऐकीव सांगतात. दोघांच्याही हाती तिसऱ्याने निवडून दिलेला कागद आहे. दोन शेजारी समाजांनी आपल्या सामाईक भूतकाळाविषयी भांडावयाचे असेल तर निदान संपूर्ण कागद समोर ठेवून भांडावे. तसे भांडण कटू असले तरी त्यातून शहाणपण निघते. निवडीवरचे भांडण कधी मिटत नाही, कारण गाळलेल्या पानावर काय होते हे दोघांनाही ठाऊक नसते.

कतारगाम दरवाजाजवळील त्या दोन थडग्यांपाशी पहारेकरी असतो, आणि तो कोणालाही आत सोडतो. घुमटाखाली उभे राहून ऑक्झेंडेनच्या वैभवाची कल्पना येते. पण तो खरे बोलत होता की नाही हे दगड सांगत नाही. ते त्याच्या पत्राला दुसऱ्याचे पत्र भिडवूनच कळते. थडग्याच्या दाराशी जो मोकळेपणा आहे तो एक दिवस दप्तराच्या दाराशीही यावा, एवढीच मागणी आहे.